वाकलेल्या पिना

१

मदरबोर्ड मरतो तेव्हा आवाज होत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच राहतो.

त्या सकाळी चिमटीने बटण दाबलं आणि पडदा काळा राहिला. तिने पुन्हा दाबलं. मग तिने पडद्यावर चित्र उमटवणारी चारही ग्राफिक्स कार्डं काढून बाजूला ठेवली, मेमरी काढून परत लावली. मी काउंटरवर होते; मला तिची फक्त पाठ दिसत होती. आदल्या संध्याकाळी हेच मशीन याच टेबलावर चारही कार्डांसकट वाऱ्यासारखं पळालं होतं. मग रात्री ताजी पेस्ट लावायला तिने प्रोसेसर शेवटचा एकदा काढून बसवला होता. शेवटी तिने कूलर उतरवला, घाईघाईने प्रोसेसरवरची पेस्ट पुसली, प्रोसेसर उचलला आणि तो ज्या खोबणीत बसतो तिच्यात डोकावून पाहिलं.

"काकू," ती म्हणाली, "पिना वाकल्यात."

एवढं बोलून तिने खोबणीवर प्लास्टिकचं झाकण लावलं, बोर्ड खोक्यात ठेवला आणि खोकं मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या खोबणीत केसासारख्या बारीक, सोनेरी पिनांचं शेतच असतं. प्रोसेसर त्यांच्यावर अलगद टेकवायचा. हात जरा तिरका झाला, की पिना वाकल्या आणि बोर्ड गेला. असा बोर्ड कुठलीच कंपनी बदलून देत नाही. बसवणाऱ्याचा हात चुकला, असं लिहून मोकळी होते. आणि चिमटी तर दुसऱ्यांच्या हातून वाकलेल्या पिना चिमट्याने सरळ करून द्यायची. तिचं नाव त्यावरूनच पडलं होतं. पट्टीचा पोहणारा बुडाला म्हणतात, तसं झालं.

मामा खाली आले. दुकान त्यांचं, चिमटी त्यांच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"होतं गं पोरी. हात आहे, कधीतरी थरथरणारच. झाकून ठेव ते, मला बघवत नाही."

जिन्यावरून त्यांचा मुलगा वाकून बघत होता. त्याची आई त्याला राजा म्हणायची, म्हणून आम्ही त्याला राजे म्हणायचो. "चिमटीलाच चिमटा बसला!" तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

त्याच्या मागून मामींचा आवाज आला. "पांढऱ्या पायाची ती! आईला खाल्लं, आता बोर्ड खाल्ला. आणि डॉक्टर आजच यायचेत!"

हे मात्र खरं होतं. डॉक्टर आजच यायचे होते.

२

आता कोणी एका मशीनमध्ये चार-चार कार्डं घालत नाही. एकच कार्ड असं दांडगं निघतं की दुसऱ्याची गरज पडत नाही. तेव्हा मात्र ती हौस होती. पोरं रांगा लावून यायची. काचेच्या पेटीत कार्डं एकाखाली एक लटकलेली, वेग ठरलेल्यापेक्षा वाढवलेला, आणि गरम हवेचा झोत असा की हिवाळ्यात मी त्या टेबलाशेजारी हात शेकून घ्यायची. वेग वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणायचे. घोड्याला टाच मारावी तसं ते होतं. घोडा कसला आहे हे आधी पाहावं लागे. तो घोडा म्हणजे मदरबोर्ड.

डॉक्टर दातांचे होते. दात काढून कंटाळले होते आणि दुसऱ्या शहरात एक मोठं दालन उघडणार होते. चित्रपटांसाठी हलती चित्रं बनवणाऱ्यांनी तिथे येऊन दमदार मशीनं वापरायची, असा बेत. त्यांनी आमच्या काउंटरवर कोपर टेकून सांगितलं होतं, "ज्याचं मशीन चार कार्डांवर, वेग वाढवून, न अडखळता चालेल, तो माझ्या दालनाचा मुख्य. राहायला वर खोली."

चिमटी तेव्हा खोक्यांच्या कोठीत झोपायची. डोक्याशी कूलरची खोकी, पायाशी केबलींची. 'खोली' हा शब्द ऐकल्यावर तिच्या हातातला पेचकस थांबला, हे मी पाहिलं.

राजेने आपला बोर्ड लगेच निवडला. काळा, चिलखत घातल्यासारखा, लाल दिव्यांचा. "जगातला वेगाचा विक्रम याच्यावर झालाय," तो छाती फुगवून म्हणाला.

"एका कार्डावर झालाय," चिमटी म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "बोर्डावर चार खाचा आहेत म्हणजे चार कार्डं नीट चालतील असं नसतं. प्रोसेसरपासून कार्डांपर्यंत रस्ते जातात, ते मोजायचे. या काळ्यावर चौथं कार्ड लावलं की दुसऱ्याचा रस्ता अर्धा होतो आणि तिसऱ्याच्या वाट्याला पायवाट येते. हा करडा बघा. याच्यात रस्ते वाटून देणारी वेगळी चिप आहे. दोन खाचांमधलं अंतर बघा; कार्डं जाडजूड, त्यांना श्वास घ्यायला जागा हवी. आणि खाली हा विजेचा जास्तीचा प्लग. चौघं मिळून बोर्डातूनच वीज ओढायला लागली तर बोर्ड भाजून निघतो."

"पण दिसायला अगदीच मुनीम आहे," राजे म्हणाला.

"वेग वाढवल्यावर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तापतो. त्याच्यावरचा धातू जड आहे का ते बघायचं. रंगीत आहे का ते नाही."

डॉक्टर खूश झाले. "दातांचं तेच आहे. पांढरे दिसले म्हणजे मुळं घट्ट असतात असं नाही."

मामा त्या वेळी बोलता बोलता एका पेटीचे स्क्रू आवळत होते, नेहमीसारखे, खाली न बघता. त्यांच्या बोटांना डोळे आहेत असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. ते हसून म्हणाले, "पोरीची निवड पक्की. माझ्या बहिणीचं रक्त आहे."

तो करडा बोर्ड बाजारात आलाच नव्हता. कंपनीने आम्हाला एकच नग चाचणीसाठी दिला होता. त्यामुळे तो मेल्याचं कंपनीला कळवावं लागलं, आणि कंपनीने तासाभरात आपली तपासनीस पाठवली. धंद्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. मेलेला बोर्ड बघून तो का मेला हे सांगायचं, एवढंच तिचं काम. ती ज्या दुकानात जाई, तिथलं कोणी ना कोणी दुसऱ्या दिवशी कामावर नसे.

३

भिंगबाई बुटकी, करड्या कोटातली, गळ्यात दोरीला भिंग लटकवलेली बाई होती. पाणी विचारलं तर नको म्हणाली. मागच्या खोलीत तिने दिवा ओढून घेतला, चिमटीला समोर बसवलं आणि मला दार लावून आतच थांबायला सांगितलं.

"मला साक्षीदार लागतो. नंतर लोक म्हणतात मी छळ केला."

तिने कोटावरचा एक केस उचलून टेबलावर टाकला. "चिमट्याने उचल."

चिमटीने चिमटा घेतला. टोक केसाजवळ गेलं आणि थरथरलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थरथरलं.

"काल थरथरत होता?"

"नाही."

"कशावरून?"

चिमटीने चिमटा खाली ठेवला.

"प्रोसेसर बसवताना कुठे लागल्याचं आठवतं?"

"नाही. पण मामा म्हणाले, हात आहे, कधीतरी... मला नाही कळलं तरी लागलं असेल." तिचे डोळे भरले.

"रडायचं असेल तर खोलीबाहेर. डोळ्यातलं मीठ पिनांवर पडलं तर गंज चढतो." आणि भिंगबाई बोर्डावर वाकली.

एकेक कोपरा ती भिंगाखालून सरकवत गेली. मग तिने भिंग माझ्या हातात दिलं. खोबणीच्या चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यावर बारीक त्रिकोणाची खूण असते. प्रोसेसर कसा ठेवायचा ते कळावं म्हणून. त्या खुणेच्या कोपऱ्यातल्या मूठभर पिना आडव्या झोपल्या होत्या, पावसाने झोडपलेल्या गवतासारख्या. बाकीचं सगळं शेत उभं.

"मूठभर आहेत. पण कुठला कोपरा, किती पिना, हे या खोलीबाहेर जाणार नाही," ती म्हणाली. "बाहेर कोणी पाहिलंय?"

"कोणीच नाही. मी लगेच झाकलं."

मग तिने प्रोसेसर हातात घेतला. चिमटीने घाईत पुसला होता, तरी कडांना पेस्टची करडी रेघ राहिली होती. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत जावी म्हणून ही पेस्ट लावतात.

"तू पेस्ट कशी लावतेस?"

"मधोमध एक थेंब. कूलर दाबला की आपोआप पसरतो."

"गोल पसरतो. चौकोनाच्या कोपऱ्यात जात नाही. इथे चारही कोपऱ्यात पेस्ट आहे, आणि या कडेला सरळ रेघ. ही प्लास्टिकच्या पत्त्याएवढ्या तुकड्याने, भिंतीला गिलावा करावा तशी सारवलीय." तिने प्रोसेसर खाली ठेवला. "मुली, तू बसवलंस त्यानंतर हे कोणीतरी उघडलंय. कूलर काढला, पिना चिरडल्या, नवी पेस्ट सारवली आणि सगळं परत आवळून ठेवलं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

चिमटीने आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून थरथरत होता.

"आता सांगा," भिंगबाई माझ्याकडे वळली, "या दुकानात अशी पेस्ट कोण सारवतं?"

मला उत्तर द्यायला फार विचार करावा लागला नाही. सगळ्या दुकानाला ठाऊक होतं.

"राजे," मी म्हणाले.

४

पण तिने आधी बोलावलं मामींना.

मामी पदराने वारा घेत आल्या. "माझा काय संबंध? मला त्यातलं हे की ते कळत नाही."

"पोरगी तुम्हाला आवडत नाही."

"नाही आवडत. लपवते कशाला? बहीण गेली तेव्हा यांनी उचलून आणली. माझ्या राजाला उठता-बसता तिचं उदाहरण. चिमटी बघ कशी करते, चिमटी बघ. पोराचं तोंड एवढंसं होतं."

"म्हणून तिचा बोर्ड मोडला?"

मामी हसल्या, आणि ते हसू अगदी खरं होतं. "अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? ती जिंकली असती तर गेली असती! कायमची! मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. तिचं मशीन सुरू व्हावं म्हणून मी काल हात जोडले. आता बसली ना ती इथेच, माझ्या उरावर!"

मग राजे. त्याने खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर बसकण मारली.

"पेस्ट सारवलीय म्हणजे मी, असंच ना? काकू माझ्याकडे कशा बघतायत ते दिसतंय मला."

"तुला दालन नको होतं?"

"परक्या गावात, त्या दातवाल्याच्या हाताखाली? कशाला? इथे दुकान आहे, वर घर आहे, आई ताट वाढून देते. मी मशीन बनवलं कारण बाबा म्हणाले बनव. माझ्या बोर्डावर तिसरं कार्ड अडखळतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी तसंच ठेवलं."

"का?"

"हरायचं होतं म्हणून! ती गेली की दुकान माझं. मग कोणी म्हणणार नाही, तुझ्यापेक्षा ती बरी." तो उठला. जाताना दारात थांबून, आवाज उतरवून म्हणाला, "आणि मी केलं असतं ना, तर मूठभर... म्हणजे, मी काय एवढा बावळट नाही."

भिंगबाईची मान ताडकन वर झाली. "मूठभर काय?"

राजेचा चेहरा पडला. "काही नाही. मूठभर पेस्ट सारवून खूण ठेवली नसती, असं म्हणत होतो."

तो गेला. मी म्हणाले, "ऐकलंत ना? मूठभर म्हणाला."

"ऐकलं. पेस्टबद्दल, पिनांबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. पण तुमचं दार पातळ आहे आणि तो कानाचा तिखट आहे." तिने भिंग पुसलं. "मालकांना बोलवा."

मामा भिंतीला एक हात लावत आले आणि खुर्चीच्या पाठीला धरून बसले.

"बोर्ड पाहिलात?"

"नाही हो. बघवलंच नाही. माझ्या पोरीसारखी ती. तिच्या हातून असं व्हावं!"

"तिच्याच हातून झालं?"

"आणखी कोणाच्या? मी तिला बोललो नाही काही. तुम्हीही तुमच्या अहवालात फार कठोर लिहू नका. हात चुकला, एवढं पुरे. ती इथे राहील, मी सांभाळीन तिला."

ते इतक्या मायेने बोलले की मलाही ते पटलं. भिंगबाई मात्र त्यांच्या पायातल्या चपलांकडे बघत होती. एक काळी होती, एक तपकिरी.

५

मामा गेल्यावर तिने मला विचारलं, "तुम्ही इथे किती जुन्या?"

"दुकान उघडलं तेव्हापासून."

"मग आठवा. राजेला पेस्ट सारवायला कोणी शिकवलं?"

मी आठवलं. माझी आठवण हीच माझी मिळकत आहे, म्हातारपणी तर फारच. दुकानाचे पहिले दिवस. दोन टेबलं, एक पंखा. तेव्हा मामा तरुण होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. जुन्या ओळखपत्राचा कापलेला तुकडा त्यांच्या खिशात असायचा. पेस्ट घेऊन तो तुकडा ते असा फिरवायचे की बघत राहावं. पुढे छोट्या राजेचा हात हातात धरून त्यांनी त्याला तेच शिकवलं. चिमटीने मात्र थेंबाची रीत कुठूनशी वाचून स्वतःच उचलली.

"मामांनी," मी म्हणाले. आणि म्हणताच मला नको झालं. "पण ते का करतील? त्यांचा एकट्याचाच तर तिच्यावर जीव आहे!"

"बरोबर. या घरात दोघांना ती जायला हवी आहे. एकाला नको आहे." ती शांतपणे बोलत होती, बोर्डाचा दोष सांगावा तसं. "आता पिना बघा. बोर्ड मारायला एक पिन पुरते. टाचणीचं टोक, कडेची एक पिन, संपलं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. इथे मूठभर का?"

"रागाने?"

"रागावलेला माणूस बोर्ड आपटतो. कूलरचे स्क्रू परत आवळत बसत नाही. हा माणूस शांत होता, सवयीचा होता. फक्त एक पिन वाकली की नाही ते त्याला कळत नव्हतं. म्हणून तो दाबत राहिला."

मला त्या क्षणी न बघता आवळलेले सगळे स्क्रू आठवले. मामा मला म्हणायचे, 'बाई, या खोक्यावर काय लिहिलंय बघा, माझा चष्मा वर राहिला.' तो चष्मा रोजच वर राहायचा.

"हा नुसता तर्क झाला," भिंगबाई म्हणाली. "तर्काला मी अहवालात जागा देत नाही. राजेचा बोर्ड आणा. प्रोसेसर काढलेला. आणि एक फडकं."

सगळ्यांना तिने दुकानात उभं केलं. फडक्यात गुंडाळलेला बोर्ड तिने काउंटरवर ठेवला. फक्त खोबण उघडी होती. राजेने तोंड उघडलं. भिंगबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, ते मिटलं.

"मालक, तुम्ही यातले जुने जाणते. या पिना सरळ होतील की नाही ते तुमच्या डोळ्यांनी पाहून सांगा. तुमचा शब्द मी लिहून घेईन."

मामांनी बोर्ड उचलला. खिडकीपाशी गेले. बोटाने खोबणीची कड चाचपली, त्रिकोणाच्या खुणेवर थांबले. डोळे बारीक करून आत पाहिलं, मान हलवली.

"छे. गेल्या या. खुणेच्या कोपऱ्यातल्या सगळ्या आडव्या झाल्यात. नाही व्हायच्या सरळ."

भिंगबाईने बोर्डावरचं फडकं ओढून काढलं.

"हा बोर्ड तुमच्या मुलाचा आहे," भिंगबाई म्हणाली. "याच्यातली प्रत्येक पिन उभी आहे. आणि खुणेचा कोपरा तुम्हाला कोणी सांगितला?"

६

मामांनी बोर्ड खाली ठेवला. ठेवताना काउंटरची कड चुकली. चिमटीने पुढे होऊन तो पडता पडता झेलला. सवयच होती तिला.

"अहो," मामी म्हणाल्या, "डोळ्यांना काय झालंय तुमच्या?"

"मधलं सगळं धूसर झालंय. बरेच दिवस. कडेकडेचं दिसतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर गल्लीला कळलं असतं. आंधळ्याच्या दुकानात मशीन कोण देईल?" मग ते चिमटीकडे, म्हणजे ती जिथे असेल असं त्यांना वाटलं तिकडे वळले. "राजे काही कामाचा नाही. त्याला मी ओळखून आहे. तू गेलीस की दुकान बसलं. मी काय करायला हवं होतं, सांग."

राजेने हे ऐकलं आणि जिना चढून वर गेला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने कसलाही विनोद केला नाही.

चिमटी हळूच म्हणाली, "मला सांगितलं असतंत, दिसत नाही म्हणून, तर मी राहिले असते."

"किती दिवस?" मामांनी विचारलं. "दयेने राहिली असतीस तर दया आटेपर्यंत. तुझाच हात गेला असं तुला वाटलं असतं तर कुठेच गेली नसतीस."

ते हे समजावून सांगितल्यासारखं बोलले. हिशेबी, साधं. मला वाटतं, आपण काही भयंकर बोललो हे त्यांना कळलंही नाही.

भिंगबाईने अहवालाचा कागद घडी घालून कोटात ठेवला. "बोर्ड का मेला ते कळलं. माझं काम झालं." आणि मग, दारातून परत वळून, चिमटीला म्हणाली, "मेलेला बोर्ड मी घेऊन जाणार. पण डॉक्टर येईपर्यंत तो इथेच आहे. मी चहा पिऊन येते." गळ्यातलं भिंग काढून तिने टेबलावर ठेवलं. सकाळपासून पाणी नको म्हणणारी बाई चहाला गेली.

चिमटी दिव्याखाली बसली. पहिल्या पिनेला चिमटा लावताना हात थरथरला. तिने चिमटा ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आणि तशीच बसून राहिली. मग पुन्हा उचलला. एकेक पिन ती केस विंचरावेत तशी उभी करत गेली. मामा खुर्चीत बसून ऐकत होते. चिमट्याचा आवाज येत नसतो, तरी ऐकत होते. एक पिन तुटली. तिने ओठ चावला, भिंगातून निरखलं आणि म्हणाली, "ही नुसती जमिनीची, अर्थिंगची आहे, काकू. हिच्या सोबतीला पुष्कळ आहेत. चालेल." मला त्यातलं कळलं नाही, तिचा आवाज सरळ झाला होता, ते कळलं.

डॉक्टर आले तेव्हा दोन्ही मशीनं टेबलावर होती. राजेचं लाल दिव्यांनी झगमगलं, आणि तिसरं कार्ड मधेच गडप झालं. राजे बघायला खाली आलाच नाही. मग करड्या मुनिमाने वेग घेतला. चारही कार्डं दिसली, पंखे ओरडले, गरम हवा माझ्या तोंडावर आली. डॉक्टर पडद्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले, आणि ते कंटाळेपर्यंत मशीन पळत राहिलं.

"मी आत्ताच निघतोय," ते म्हणाले. "गाडीत जागा आहे. येतेस?"

७

भिंगबाईने बोर्ड मागून घेतला आणि गेली. डॉक्टर बाहेर गाडीत बसले. वर मामींचा आणि राजेचा आवाज चढलेला होता. भांडण डोळ्यांवरून नव्हतं, आता दुकानात कोण बसणार यावरून होतं. मामा काउंटरशेजारच्या खुर्चीत एकटे होते.

चिमटी कोठीतून बॅग घेऊन आली. पायात चपला नव्हत्या, त्या हातात होत्या. ती मामांच्या बरोबर समोर येऊन थांबली, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं. तिने बॅग अलगद खाली ठेवली.

मी तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की ही जात नाही. आंधळ्या होत चाललेल्या माणसाला टाकून जाणं तिच्याच्याने होणार नव्हतं. ती वाकणार होती, त्यांच्या गुडघ्याला हात लावणार होती.

मामांनी मान वर केली. "कोण? बाई?"

"मीच आहे," मी काउंटरमागून म्हणाले.

"गेली का ती?"

चिमटीने माझ्याकडे पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. हो म्हणा.

"गेली," मी म्हणाले.

मामांनी लांब श्वास सोडला. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, आणि चिमटीचा हात खरंच पुढे आला होता.

"बाई," ते म्हणाले, "उद्या काचेवर पाटी लावा. कामाला मुलगी हवी म्हणून. नजर तेज हवी, हात हलका हवा." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "आणि हे बघा, मागे-पुढे कोणी नसलेलीच बघा. घर असलेल्या मुली टिकत नाहीत."

चिमटीचा हात तिथेच थांबला. तिने तो मागे घेतला, चपला जमिनीवर टाकल्या, पायात घातल्या. बॅग उचलली. आणि दुकानभर पाय वाजवत, एकदाही मागे न बघता, दार धाडकन ओढून घेऊन गेली.

मामांचा चेहरा दाराकडे वळला आणि तसाच राहिला. बाहेर गाडी सुरू झाली.

"बाई," गाडीचा आवाज विरल्यावर ते म्हणाले, "तुम्ही तर म्हणालात, गेली."

"आता गेली," मी म्हणाले.